वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया: कोणत्या प्रकारात काय कमी पडतं आणि ते कसं भरून काढायचं

डिस्चार्ज कार्डावर ‘लॅप्रोस्कोपिक गॅस्ट्रिक बायपास’ एवढी एक ओळ असते आणि पुढची कित्येक वर्षं रुग्ण त्याच ओळीवर काढतो. ती ओळ पुरत नाही. एकाच नावाखाली दोन सर्जन आतड्याची वेगवेगळी लांबी वगळतात, आणि पुढे रक्तात काय कमी पडणार हे बरंचसं त्या लांबीवर ठरतं. म्हणून शस्त्रक्रिया व्हायची असो किंवा होऊन गेलेली असो, आधी ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या आणि तिच्यात चार आकडे शोधा.

एक, जठराचा किती भाग ठेवला. स्लीव्ह (जठर कापून अरुंद नळीसारखं करण्याची शस्त्रक्रिया) असेल तर किती फ्रेंच मापाच्या (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं एकक) नळीवर कापलं हे लिहिलेलं असतं, बहुधा ३२ ते ४०. दोन, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस एकटाच जिथून वाहतो ती वाट किती सेंटीमीटरची. नोटमध्ये ही ‘बीपी लिम्ब’ असते. तीन, अन्न एकटंच जिथून जातं ती ‘अलिमेंटरी’ किंवा ‘रू लिम्ब’. चार, दोन्ही वाटा एकत्र आल्यानंतर मोठ्या आतड्यापर्यंत उरलेली लांबी, म्हणजे ‘कॉमन चॅनल’. हा चौथा आकडा पुष्कळ नोटांमध्ये नसतो, आणि महत्त्वाचा मात्र तोच. लहान आतडं कुणाचं चार मीटर असतं, कुणाचं आठ. दोघांचंही दोन मीटर वगळलं तर एकाला निम्मंच उरतं, दुसऱ्याला सहा मीटर. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर सर्जनना सरळ विचारा: पूर्ण आतडं मोजणार का, आणि किती शिल्लक ठेवणार?

कोणता घटक कुठे शोषला जातो

हे एकदा नीट समजलं की कोणत्या शस्त्रक्रियेत काय कमी पडेल हे पाठ करावं लागत नाही.

लोह आणि कॅल्शियम मुख्यतः ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या वीत-दीड वीत भागात आणि त्याच्या थोडं पुढे शोषले जातात. लोहाला शोषणयोग्य रूपात आणायला जठरातलं आम्ल लागतं. आम्ल कमी झालं आणि अन्नाची वाटही ड्युओडेनमला वळसा घालून गेली, की लोहाची दोन्हीकडून अडचण होते.

बी१२ चा प्रवास लांबचा. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी१२ आम्ल आणि पेप्सिन (जठरातलं प्रथिनं पचवणारं एन्झाइम) सोडवतात. जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या पेशी ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन तयार करतात, ते पुढे बी१२ ला पकडतं, आणि ही जोडी थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन शोषली जाते. यातली एक कडी निसटली तरी अन्नातून मिळणारं बी१२ वाया जातं. पण यकृतात साठा मोठा असल्याने ही कमतरता दोन-चार वर्षं दिसतच नाही. पहिल्या वर्षीचा चांगला रिपोर्ट पाहून गोळ्या सोडणारे इथेच फसतात.

ए, डी, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं. चरबी पचायला पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नात मिसळावा लागतो. मिसळल्यानंतरची वाट जितकी आखूड, तितकी चरबी वाया आणि तिच्याबरोबर ही चारही.

प्रकार आणि त्यांचे परिणाम

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. आतड्याला हात लावत नाहीत. त्यामुळे ‘स्लीव्हमध्ये शोषणावर परिणाम होत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आम्ल आणि इंट्रिन्सिक फॅक्टर बनवणाऱ्या पेशींचा मोठा भाग काढलेल्या तुकड्यात जातो, खाणं फार कमी होतं, आणि छातीत जळजळ वाढल्यामुळे अनेकांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. त्या गोळ्या लोह, बी१२ आणि कॅल्शियमचं शोषण आणखी मंदावतात. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ वर तिसरा घाव. स्लीव्हनंतर गोळ्या नकोत असं कुणी सांगितलं तर मानू नका.

रू-एन-वाय बायपास ही जुनी आणि सर्वांत अभ्यासलेली पद्धत. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली, आजचं रूप त्यातूनच घडलं. जठराची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून तिला खालचं आतडं जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. ड्युओडेनम पूर्ण वगळलं जातं, म्हणून लोह, बी१२, कॅल्शियम आणि तांबं या चौघांवर कायम नजर ठेवावी लागते. बीपी लिम्ब सहसा ५० ते १०० सेंटीमीटर, अन्नाची वाट ७५ ते १५०. कॉमन चॅनल लांब राहत असल्याने प्रथिनं आणि चरबीचं शोषण बऱ्यापैकी टिकतं. जठराचा जुना त्रास, जळजळ, असेल तर स्लीव्हपेक्षा हीच बरी.

मिनी बायपास, म्हणजेच एकाच जोडाचा बायपास, करायला सोपा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या पोषणाकडे दुर्लक्ष होतं. यात जठराची लांब, अरुंद नळी करून तिला १५० ते २०० सेंटीमीटर पुढचं आतडं जोडतात. ‘मिनी’ या शब्दावर जाऊ नका; वगळलेली लांबी रू-एन-वायपेक्षा बहुधा जास्तच असते. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत (२०१९ मध्ये प्रसिद्ध) २०० सेंटीमीटरच्या मिनी बायपासची रू-एन-वायशी तुलना केली. वजन दोन्हींत सारखंच उतरलं, पण पोषणाच्या गंभीर गुंतागुंती मिनी बायपासच्या गटातच दिसल्या. त्यामुळे हा प्रकार निवडताना १५० की २०० हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. आधीपासून लोह कमी असेल किंवा जेवणात प्रथिनं मुळातच बेताची असतील तर वगळलेली लांबी आखूड ठेवण्याचा आग्रह धरायला हरकत नाही.

ड्युओडेनल स्विच (जठराची स्लीव्ह करून शिवाय आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया) आणि त्याचं नवं, एका जोडाचं रूप सादी-एस यांत वजन सर्वाधिक उतरतं आणि किंमतही सर्वाधिक मोजावी लागते. जुन्या स्विचमध्ये कॉमन चॅनल सुमारे १०० सेंटीमीटरच उरतो, सादीमध्ये २५० ते ३००. चरबी मोठ्या प्रमाणात वाया जाते, म्हणून शौच पातळ, तेलकट आणि उग्र वासाचं होतं. ए, डी, ई, के चौघंही घसरतात. जस्त आणि तांबं कमी होतं. प्रथिनांची कमतरता इतकी होऊ शकते की पायांवर सूज चढते. दर तपासणीला येणं, दिवसाला दहा-बारा गोळ्या घेणं ज्यांना जमणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

जठराभोवती आवळायचा समायोज्य पट्टा आता फारसा बसवत नाहीत. त्यात शोषण शाबूत राहतं. पण पट्टा फार आवळला तर सतत उलट्या होतात, आणि उलट्यांचा धोका पुढे वेगळा सांगितला आहे.

रोज किती, आणि लेबल कसं वाचायचं

खालची प्रमाणं प्रौढांसाठी, कमतरता नसताना ती टाळण्यासाठीची आहेत. कमतरता झालीच तर उपचाराचा डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

लोह: पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि स्लीव्ह, बायपास किंवा स्विच झालेले यांच्यासाठी रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम. बी१२: तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. फॉलेट: ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, मूल होऊ शकेल अशा वयात ८०० ते १०००. कॅल्शियम: स्लीव्ह आणि बायपासला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, स्विचला १८०० ते २४००, यात जेवणातलं कॅल्शियमही धरायचं. डी३: रोज ३००० युनिटपासून सुरुवात, रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर जाईपर्यंत. बी१, म्हणजे थायमिन: किमान १२ मिलिग्रॅम, धोका असेल तर ५० ते १००. ए: ५,००० ते १०,००० युनिट, स्विचला १०,०००. तांबं: स्लीव्हला १, बायपास आणि स्विचला २ मिलिग्रॅम. जस्त: स्लीव्हला ८ ते ११, बायपासला ८ ते २२, स्विचला १६ ते २२ मिलिग्रॅम.

हे लोह आणि कॅल्शियमचे आकडे मूलद्रव्याचे आहेत, क्षाराचे नाहीत. सर्वाधिक चूक इथे होते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, कारण कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के भरतं. सायट्रेटमध्ये २१ टक्केच. म्हणजे १००० मिलिग्रॅम सायट्रेटची गोळी घेतली तर पोटात गेलं २१० मिलिग्रॅम. दोन गोळ्या घेऊन दिवसाचं भागलं असं समजणाऱ्याला प्रत्यक्षात ४२० मिळालेले असतात. तरीही बायपासनंतर सायट्रेटच बरं, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि ते जेवणाबरोबरच घ्यावं लागतं; सायट्रेट केव्हाही चालतं. डब्याच्या मागे ‘एलिमेंटल’ शब्दापुढचा आकडा पाहा.

कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून तीन भागांत. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास अंतर. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि या दोहोंत चार तास. हे सगळं बसवायला एक चालणारं वेळापत्रक असं:

सकाळी ६, रिकाम्या पोटी: थायरॉइडची गोळी, असल्यास
सकाळी ११: कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम
दुपारी १:३०, जेवणाबरोबर: मल्टिव्हिटॅमिन आणि डी३
दुपारी ४:३०: कॅल्शियम ५००
संध्याकाळी ७:३०, जेवणाबरोबर: कॅल्शियम ५००
रात्री १०: लोह, व्हिटॅमिन सीसोबत

मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असतं, म्हणून तेही कॅल्शियमपासून दूर ठेवलं आहे. चहा-कॉफी लोहाच्या आसपास तासभर नको. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आतड्यात उघडणाऱ्या आवरणाच्या गोळ्या टाळा. त्या उघडेपर्यंत शोषणाची जागा मागे पडलेली असते. पहिले काही आठवडे चघळायच्या किंवा द्रवरूप औषधांवर राहा. जेलीसारख्या गोड गोळ्यांमध्ये लोह आणि थायमिन बहुधा नसतंच.

केस गळायला लागले की जस्ताच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली केसगळती बहुतेकदा झपाट्याने उतरलेल्या वजनामुळे असते आणि आपोआप थांबते. जास्तीचं जस्त मात्र तांब्याचं शोषण अडवतं. तांबं फार उतरलं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. ही लक्षणं बी१२ च्या कमतरतेसारखीच दिसतात, त्यामुळे बी१२ ची इंजेक्शनं चालू राहतात आणि मज्जारज्जूचं नुकसान वाढत जातं. दर ८ ते १५ मिलिग्रॅम जस्तामागे १ मिलिग्रॅम तांबं हे प्रमाण राखा.

प्रथिनं

रोज किमान ६० ग्रॅम, आदर्श वजनाच्या दर किलोला १.५ ग्रॅमपर्यंत, स्विच झालेल्यांना ९० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, म्हणजे ६० ग्रॅम हा आकडा लहान पोटासाठी किती मोठा आहे ते लक्षात येईल. जेवणात प्रथिनाचा पदार्थ आधी संपवा, मग भाजी, आणि शेवटी जागा उरली तर धान्य. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोटघोट, दिवसाचं मिळून दीड लिटर तरी. पहिले दोन आठवडे द्रव, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचं खाणं, हा साधारण क्रम. तुमच्या सर्जनचा क्रम थोडा वेगळा असेल तर तोच पाळा.

उलट्या आणि थायमिन

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील, पोटात काही राहत नसेल, तर पहिल्या एक-दोन महिन्यांतच मेंदूला इजा होऊ शकते. डोळे नीट हलत नाहीत किंवा एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. तिन्ही लक्षणं एकत्र दिसण्याची वाट पाहायची नाही. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंतही थांबायचं नाही. संशय आला की थायमिन शिरेतून द्यायचं, साधारण २०० ते ५०० मिलिग्रॅमचे डोस, दिवसातून अनेकदा.

घरच्यांनी जाणून घ्यावी अशी एक गोष्ट: अशक्तपणा दिसला की तातडीच्या विभागात ग्लुकोजची बाटली लावली जाते. थायमिन संपलेल्या माणसाला आधी ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि हालत बिघडते. म्हणून तिथे पोचताच सांगा: ‘बॅरिॲट्रिक सर्जरी झाली आहे, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ हे वाक्य कागदावर लिहून पाकिटात ठेवलं तर अधिक चांगलं. तीन दिवस सलग उलट्या म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

तपासण्या, आणि त्या वाचताना होणारी गफलत

शस्त्रक्रियेच्या आधी एकदा, कारण वजन जास्त असलेल्यांमध्ये डी आणि लोह आधीच कमी असणं फार सामान्य आहे. मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा. यादीत हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते), बी१२, फॉलेट, डी, कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं, कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन). बायपास आणि स्विचला जस्त आणि तांबं. स्विचला ए आणि ई, शिवाय के साठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी).

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आतड्यातून कॅल्शियम येत नसेल तर शरीर ते हाडांतून काढून रक्तातली पातळी राखतं. पीटीएच वाढलेलं दिसलं की हाडं झिजू लागली आहेत असं समजा. फेरिटिनचंही असंच: शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर ते खोटं वाढतं, म्हणून सोबत सॅच्युरेशनही पाहावं लागतं. फॉलेट भरपूर घेतलं की बी१२ कमी असूनही रक्तगणना चांगली दिसते, आणि नसा मात्र खराब होत राहतात. हातापायांना मुंग्या येत असतील आणि बी१२ काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडची (बी१२ कमी पडलं की वाढणारा घटक) तपासणी मागा. तोंडाने लोह घेऊनही फेरिटिन चढत नसेल तर डोस वाढवत बसण्यापेक्षा शिरेतून लोह घेणं चांगलं.

बायपासनंतर गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात पोटात मुरडा, धडधड, घाम. किंवा एक ते तीन तासांनी साखर उतरून थरथर. दोन्ही डम्पिंगचे प्रकार. साखर आणि गोड पेयं बंद, जेवण लहान, प्रथिनं आधी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मुतखडाही इथलाच त्रास आहे: न शोषलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते, मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातं. भरपूर पाणी आणि कॅल्शियम सायट्रेट हा त्यावरचा उपाय. खडा झाला म्हणून कॅल्शियम बंद करणं अगदी उलटं.

मूल हवं असेल तर १२ ते १८ महिने थांबा, वजन स्थिर होऊ द्या. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, तर बायपास किंवा स्विचनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. तांबी किंवा इतर साधन ठरवून घ्या. गरोदरपणात व्हिटॅमिन ए बीटा-कॅरोटिनच्या रूपात घ्यायचं, रेटिनॉलच्या नाही. मधुमेहाच्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी पिण्याऐवजी काही दिवस घरी साखर मोजण्याचा पर्याय मागा.

सगळं नीट घेऊनही अल्ब्युमिन घसरत राहिलं, पायांवर सूज आली, दिवसाला पाच-सहा वेळा तेलकट शौच होऊ लागलं, तर चूक तुमच्या खाण्यात असेलच असं नाही. कॉमन चॅनल आखूड पडलेला असू शकतो. आधी स्वादुपिंडाची एन्झाइम्स देऊन पाहतात, आतड्यात जिवाणू वाढले असतील तर त्याचा उपचार करतात, गरज पडली तर नळीने किंवा शिरेतून पोषण देतात. त्यानेही भागलं नाही तर पुन्हा शस्त्रक्रिया करून जोड वर सरकवतात आणि चॅनल लांब करतात. मिनी बायपास आणि रू-एन-वाय उलटवताही येतात. स्लीव्हमध्ये काढलेलं जठर मात्र परत बसवता येत नाही. जोड सरकवायची वेळ आली तर सर्जन सर्वांत आधी जुनी ऑपरेशन नोट मागतील, त्या सेंटीमीटरच्या आकड्यांसकट.